बारा शिवमंदिरं की सहा

कॉलेजच्या लॅबमध्ये सुरळीत चाललेला एका विद्यार्थ्याचा प्रोजेक्ट परीक्षकांच्या लॅपटॉपवर पहिल्याच पायरीला अडला. प्रोजेक्ट म्हणजे त्याने स्वतः लिहिलेला लहानसा हायपरव्हायजर, एका खऱ्या संगणकावर अनेक आभासी संगणक उभे करणारा प्रोग्राम. लॅबमध्ये सर्व्हर एकच. त्यावर प्रत्येक मुलाला एकेक आभासी मशीन दिलेलं, आणि या पठ्ठ्याचा हायपरव्हायजर त्या आभासी मशीनच्या पोटात आणखी एक आभासी मशीन चालवत होता. याला नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. तळाचा खरा हायपरव्हायजर एल-झिरो, त्याच्यावरचा एल-वन आणि सगळ्यात आतलं मशीन एल-टू, अशी या धंद्यातली भाषा.

बराकपूरच्या तालपुकुर भागात, अन्नपूर्णा मंदिराजवळच्या एका घरात, यावरून मामा-भाचीची जुंपली. मामा मूळचे कराडचे. विमानांतल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या चाचण्या घेण्यात वायुदलातली सगळी नोकरी गेली, शेवटची बदली बराकपूरला झाली, मामी बंगाली. परत जायचं राहूनच गेलं. आता ते त्या कॉलेजची लॅब सांभाळतात. भाची कोलकात्याजवळच्या सेक्टर फाइव्हमधल्या एका क्लाउड कंपनीत लिनक्सच्या केव्हीएम या हायपरव्हायजरवर काम करते आणि राहते मामांकडेच. मी पाहुणा. मधली चहाची आणि चुकलेल्या लोकलची बोलणी गाळून बाकीचं लिहितो आहे.

मामा : पोराची चूक होती, मान्य. पण ती लॅबमध्ये का कळली नाही? तुझा हायपरव्हायजर, सर्व्हरवरचा केव्हीएम, खोटं बोलला.

भाची : खोटं नाही बोलला, मामा. गप्प बसला.

मामा : चाचणी घेणाऱ्याने गप्प बसणं म्हणजे खोटंच.

भाची : आधी काय झालं ते तर ऐका. इंटेलच्या प्रोसेसरवर आतलं मशीन सुरू करायचं तर व्हीएमसीएस नावाचा एक तक्ता भरावा लागतो. आतल्या मशीनची स्थिती काय, बाहेर पडल्यावर हायपरव्हायजरची स्थिती काय असावी, कोणत्या घटना पकडायच्या, सगळं त्यात. तुमच्या विद्यार्थ्याने होस्टच्या, म्हणजे हायपरव्हायजरच्या, बाजूचा टीआर या रजिस्टरचा रकाना भरलाच नव्हता, तिथे शून्य राहिलं. खरा प्रोसेसर हे चालवून घेत नाही. तो आत शिरायला नकार देतो आणि त्रुटी क्रमांक ८ हातात ठेवतो.

मामा : आणि लॅबमध्ये?

भाची : लॅबमध्ये तो तक्ता प्रोसेसरपर्यंत पोचतच नाही. प्रोसेसरला एकच पातळी समजते. एल-वनने तक्ता भरून ‘सुरू कर’ म्हटलं की काम एल-झिरोकडे येतं. एल-झिरो त्या तक्त्यातल्या काही गोष्टी उचलतो, स्वतःच्या काही घालतो, आणि तिसराच तक्ता तयार करून प्रोसेसरला देतो. एल-वनचा होस्टचा भाग प्रोसेसर कधी पाहत नाही. तो एल-झिरोने स्वतः तपासला तरच तपासला जातो. टीआरसारखे हे सेगमेंटचे रकाने तपासायचं काम केव्हीएममध्ये २०१९ साली आलं, लिनक्स ५.४ मध्ये. तुमचा सर्व्हर त्याहून जुना आहे.

मामा : इंटेलवर ही नेस्टेडची सोय लिनक्समध्ये कधी आली?

भाची : २०११.

मामा : म्हणजे आठ वर्षं हा रकाना कोणी पाहत नव्हतं.

भाची : कारण आठ वर्षं कुणाचं अडलं नाही! आत कोण चालतं बघा ना. केव्हीएम, हायपर-व्ही, व्हीएमवेअर. यांपैकी कोणी टीआरमध्ये शून्य ठेवत नाही. असा प्रत्येक रकाना दर वेळी सॉफ्टवेअरने तपासायचा म्हणजे वेळेचा खर्च आला, आणि कायमचा सांभाळायचा कोड आला. नेस्टेडमध्ये वेळ हेच तर दुखणं आहे. एल-टू एकदा थांबला की आधी एल-झिरो जागा होतो, तो एल-वनला उठवतो, एल-वन व्हीएमसीएसमधलं काही वाचायला गेला की पुन्हा एल-झिरो. एका थांब्याचे पाहता पाहता कितीतरी थांबे होतात. आयबीएमच्या हैफा प्रयोगशाळेतल्या मंडळींनी २०१० मध्ये टर्टल्स या प्रकल्पात हे आटोक्यात आणलं. नेहमीच्या कामांत एका पातळीच्या तुलनेत सहा ते आठ टक्के जास्त खर्च, इथपर्यंत. तेव्हा प्रश्न होता की हे जमतं तरी का. टीआरचा रकाना कुणाच्या डोक्यात असणार?

मामांचं इथे समाधान झालं नाही आणि मला वाटतं होऊही नये. ज्या चाचणी-बाकावर त्यांनी उमेदीची वर्षं काढली, तिथला पहिला नियम त्यांनी मला जेवताना सांगितला होता : बाक खऱ्या विमानापेक्षा कडक असला तर पैसे वाया जातात, सौम्य असला तर माणसं. आभासी मशीनमध्ये माणसं मरत नाहीत हे खरं. पण सौम्य बाकावर शिकलेला मुलगा चुकीचं शिकतो, आणि लॅबचं कामच शिकवणं आहे.

मामा : तुमच्या धर्मग्रंथात काय लिहिलंय? पोपेक आणि गोल्डबर्ग, १९७४. हायपरव्हायजरच्या तीन अटी. पहिलीच अट समानता : आतल्या प्रोग्रामला खऱ्या यंत्रावर जे दिसलं असतं तेच दिसलं पाहिजे. दुसरी, साधनांवर ताबा हायपरव्हायजरचा. तिसरी, बहुतेक सूचना थेट प्रोसेसरवर चालाव्यात. तू तिसरीसाठी पहिली विकते आहेस.

भाची : त्याच लेखात पहिल्या अटीला सूट दिली आहे, तीही वाचा. वेळेत फरक पडेल, आणि मेमरीसारखी साधनं कमी मिळतील, एवढं चालतं. आणि एकात एक यंत्रं बसवता येतील असं सांगणारा सिद्धान्तही त्याच लेखात आहे. त्याची अट हीच की हायपरव्हायजर वेळेवर विसंबलेला नसावा. म्हणजे संपूर्ण समानता त्यांनीही मागितली नव्हती.

मामा : वेळेची सूट दिली, टीआरची नाही दिली.

भाची : (हसून) बरं, हा तुमचा.

मामा : आयबीएमवाल्यांकडे बघ. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला केंब्रिजच्या केंद्रात ३६०/६७ या मशीनवर सीपी-६७ चालायचं. नवं ३७० मशीन, आभासी मेमरीवालं, अजून तयार व्हायचं होतं. त्यांनी सीपी-६७ मध्ये बदल करून नव्या मशीनचं आभासी रूप उभं केलं, तेही दुसऱ्या सीपी-६७ च्या आत, म्हणजे बाहेरच्या वापरकर्त्यांना नव्या यंत्राचा सुगावा लागू नये. मग त्या आभासी ३७० मध्ये ३७० साठीचा हायपरव्हायजर चालवला. यंत्र जन्मायच्या आधी त्याचं सॉफ्टवेअर तयार. हे कशामुळे जमलं? नक्कल काटेकोर होती म्हणून.

भाची : नक्कल कशाची, मामा? यंत्र तर नव्हतंच!

मामा क्षणभर थांबले. चर्चेतला पहिला खरा सांधा मला इथे दिसला. जे यंत्र अजून बनलं नाही त्याच्याशी प्रामाणिक राहायचं तर प्रामाणिकपणा कागदाशीच असू शकतो : यंत्र कसं वागेल हे सांगणाऱ्या दस्तऐवजाशी. तारा कुठून जातात, आतले खण कसे रचलेत, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दोघंही आतापर्यंत ‘हार्डवेअर’ म्हणत होते आणि दोघांच्या मनात वेगवेगळ्या वस्तू होत्या.

भाची : म्हणूनच म्हणते, हार्डवेअरची नक्कल हे ध्येयच नको. त्यातून काय होतं ते २०१५ मध्ये दिसलं. आभासी मशीनला उपकरणं पुरवणाऱ्या क्यूईएमयू या प्रोग्राममध्ये फ्लॉपी ड्राइव्हच्या कंट्रोलरची नक्कल होती. फ्लॉपी! त्यात २००४ पासून एक चूक लपून बसली होती. व्हेनम नावाने गाजली ती. गेस्टमधून, म्हणजे आतल्या मशीनमधून, होस्टकडे जायला वाट, झेन आणि केव्हीएम या दोन्ही हायपरव्हायजरांत. मशीनला फ्लॉपी लावलेली नसली तरी तो कोड आत होताच. अकरा वर्षं आपण एका मेलेल्या यंत्राशी इमान राखलं आणि त्याचं हे फळ. मग २०१८ मध्ये ॲमेझॉनने आभासी मशीनसाठी फायरक्रॅकर हा प्रोग्राम आणला. त्यात नेटवर्क, डिस्क, सीरियल कन्सोल अशी बोटांवर मोजण्याइतकी उपकरणं. कीबोर्डचा कंट्रोलर आहे, पण त्याचा उपयोग एकच : मशीन थांबवणं.

मामा : म्हणजे तुझ्या राज्यात जे वापरत नाही ते काढून टाकायचं.

भाची : आपल्या शेजारचंच बघा. अन्नपूर्णेचं मंदिर १८७५ चं, राणी रासमणींच्या मुलीने, जगदंबादेवींनी बांधलं. आईचं दक्षिणेश्वर १८५५ चं. तीच नवरत्न शिखरं, तसाच चौथरा. नवख्या माणसाला नदीवरून दोन्ही सारखीच वाटतील. पण दक्षिणेश्वरला शिवमंदिरं बारा, इथे सहा. गाभाऱ्यात काली नाही, अन्नपूर्णा. गेल्या दीडशे वर्षांत कुणी तक्रार केली का, सहा कमी आहेत म्हणून?

मामा : नाही केली. कारण दारावर अन्नपूर्णा लिहिलंय. कुणी दक्षिणेश्वर म्हणून आणून इथे सोडलं असतं तर बारा मोजणाऱ्याने तुला धरलं असतं.

भाची : हेच! हेच तर म्हणते आहे मी मघापासून!

मामा : मघापासून तू वेगळंच म्हणत होतीस.

म्हणत होती खरं. पण मुद्दा आता जागेवर आला. प्रोसेसरला ‘तू कोण, तुला काय काय येतं’ विचारायची सोय असते. सीपीयूआयडी ही सूचना त्यासाठीच आहे. व्हर्च्युअलायझेशनच्या सोयींपुरती अशीच यादी काही खास रजिस्टरांत असते. एल-झिरो या याद्या स्वतः भरून देतो. त्याला हवं तर तो खालच्या खऱ्या प्रोसेसरपेक्षा कमी जाणणारा प्रोसेसर म्हणून उभा राहू शकतो आणि ते पूर्णपणे नियमात बसतं. आतला हायपरव्हायजर यादी वाचतो आणि जे नाही त्याच्या वाटेला जात नाही. सहा मंदिरं असली तर सहाच सांगायची. बारा सांगून सहा उभी करणं, किंवा सहा सांगून उरलेल्या सहांची दारं उघडी ठेवणं, या दोन्हींत गोंधळ आहे. दुसऱ्या प्रकाराकडे लोकांचं लक्ष कमी जातं, म्हणून भाचीने सांगितलेली गोष्ट मी नीट टिपून घेतली.

भाची : २०२१ चा ऑगस्ट. एएमडीच्या बाजूला दोन छिद्रं एकदम जाहीर झाली. एएमडीच्या प्रोसेसरमध्ये एव्हिक नावाची सोय आहे, इंटरप्टची कामं थेट प्रोसेसरनेच उरकायची. केव्हीएम ती आतल्या पातळीला देत नव्हता, जाहीरही करत नव्हता. पण एल-वनने तक्त्यात त्या सोयीचा बिट चढवला तर एल-झिरोने तो पुसायला हवा होता, पुसला नाही. बिट तसाच खऱ्या प्रोसेसरपर्यंत गेला आणि एल-टूला होस्टच्या खऱ्या मेमरीच्या काही भागावर लिहिता येऊ लागलं. दुसरं छिद्र याच जातीचं.

मामा : म्हणजे ‘आमच्याकडे नाही’ म्हणणंसुद्धा काटेकोरपणे करावं लागतं.

भाची : जास्तच काटेकोरपणे. खऱ्या प्रोसेसरमध्ये नसलेली सोय नसतेच, तिचं सर्किटच नाही. आमच्याकडे ती खाली हजर असते आणि ‘नाही’ म्हणायचं सोंग आणावं लागतं.

मामा : मग इंटेलवर का नाही झालं हे?

भाची : इंटेलवरही चुका झाल्या आहेत. पण एक फरक मजेशीर आहे. इंटेलचं मॅन्युअल व्हीएमसीएसची मांडणी सांगतच नाही. कोणता रकाना मेमरीत कुठे बसतो ते प्रोसेसरचं खासगी. वाचायचं तर व्हीएमरीड, लिहायचं तर व्हीएमराइट, या दोन सूचनांतूनच. त्यामुळे केव्हीएमला मोकळीक मिळाली. एल-वनला दिलेल्या व्हीएमसीएसची आतली रचना केव्हीएमने स्वतःची ठरवली; खऱ्या इंटेलसारखी असण्याची गरजच नाही. शिवाय प्रत्येक वाचन-लेखन सूचनेतून जातं, म्हणजे एल-झिरोला कळतं. २०१३ च्या हॅसवेल प्रोसेसरपासून शॅडो व्हीएमसीएस आलं तेव्हा तर यातली बरीच वाचनं-लेखनं एल-झिरोला न उठवता होऊ लागली.

मामा : आणि एएमडी?

भाची : एएमडीने तक्त्याची मांडणी उघड छापली. साध्या मेमरीत पडलेला तक्ता, कोणता बाइट कुठे ते मॅन्युअलमध्ये. एल-वन त्यात हवं तेव्हा, एल-झिरोला न सांगता लिहू शकतो. आता केव्हीएमने काय केलं, तर तक्ता एकदा वाचून तपासला, आणि वापरताना पुन्हा त्याच मेमरीतून वाचला. मधल्या क्षणी गेस्टच्या दुसऱ्या प्रोसेसरने एक बिट बदलला तर तपासलेलं एक आणि वापरलेलं दुसरं. गूगलच्या प्रोजेक्ट झीरोतल्या फेलिक्स विल्हेल्मने २०२१ मध्ये त्या फटीतून गेस्टमधून थेट होस्टपर्यंत जाऊन दाखवलं. उपाय साधा : एकदाच प्रत काढायची, तीच तपासायची, तीच वापरायची.

मामा : म्हणजे दस्तऐवज जिथे मुका, तिथे तुम्ही मोकळे. जिथे बोलतो, तिथे बांधलेले.

भाची : आणि जिथे जास्त बोलतो, तिथे आमची झोप उडते.

मला हा फरक या सगळ्या वादातला सगळ्यात मोलाचा वाटला. नकलेची मर्यादा मूळ यंत्राच्या कर्त्याने नकळत आखून ठेवलेली असते; तो काय सांगतो यापेक्षाही काय सांगत नाही यात. इंटेलने मांडणी लपवली ती भविष्यातल्या प्रोसेसरांत स्वतःला बदल करता यावेत म्हणून. त्याचा लाभ एल-झिरो लिहिणाऱ्यांनाही आयता मिळाला.

मामांनी मग एक आडवी चाल केली. ‘आतल्याला सरळ सांगूनच का टाकत नाही, की बाबा रे, तू आत आहेस?’ हे होतंच. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीने ‘एनलायटन्ड व्हीएमसीएस’ ठरवलं आहे : एल-वन हायपर-व्ही असेल आणि खालचा हायपरव्हायजर ही बोली जाणत असेल, तर दोघं ठरलेल्या जागेच्या साध्या मेमरीतून तक्ता देतात-घेतात, थांबे वाचतात. केव्हीएमही ही बोली बोलतो. इथे नक्कल करण्याचा आवच टाकून दिला आहे. आणि हा कोपऱ्यातला प्रकार राहिलेला नाही. मेमरी इंटिग्रिटीसारखी संरक्षणं चालू असलेलं विंडोज ११ स्वतःच्या पोटात हायपर-व्ही चालवतं. असं विंडोज आभासी मशीनमध्ये टाकलं की मालकाला पत्ता नसतानाही नेस्टेड सुरू झालेलं असतं.

मामा : बरं. मग तुझा नियम असा : जे जाहीर केलं ते पूर्ण पाळायचं, जे पाळायचं नाही ते जाहीर करायचं नाही. कबूल?

भाची : कबूल.

मामा : एमटीआरआर.

भाची : (थोडा वेळ गप्प) तुम्ही केव्हीएमचं डॉक्युमेंटेशन वाचलंत.

मामा : रिटायर माणूस काय करणार. मेमरीचा कोणता पट्टा कॅश करायचा, कोणता नाही, हे ठरवणारी एमटीआरआर रजिस्टरं. केव्हीएम ती गेस्टला दाखवतो. गेस्टने लिहिलं तर घेतो, वाचलं तर लिहिलेलं परत देतो. आणि प्रत्यक्षात त्याकडे ढुंकून बघत नाही. सगळी मेमरी राइटबॅकच, म्हणजे कॅश होणारीच धरतो. बारा सांगून सहा. तुझ्या नियमात बसवून दाखव.

भाची : बसत नाही.

मामा : मग हे चूक?

भाची : चूक नाही. एमटीआरआर नाहीत असं सांगितलं तर कितीतरी ऑपरेटिंग सिस्टिम गडबडतील, त्या असणारच हे त्यांनी गृहीत धरलेलं असतं. पूर्ण पाळायचं तर बहुतेक गेस्टना त्याचा काही लाभ नाही आणि कोड मात्र किचकट होतो. गेस्टची मेमरी ही होस्टची साधी रॅम. ती कॅश झाली तर उत्तर बदलत नाही, वेग वाढतो. आणि मुख्य म्हणजे लपवलेलं नाही. लिनक्सच्या डॉक्युमेंटेशनमध्ये आभासी प्रोसेसरच्या उणिवांचं वेगळं पान आहे, तिथे हे लिहून ठेवलंय. सुरुवातीलाच म्हटलंय की हुबेहूब नक्कल अशक्य किंवा फारच अवघड असेल तिथे दोनच वाटा : सोय द्यायचीच नाही, नाहीतर खऱ्यापेक्षा वेगळं वागणं पत्करायचं.

मामा : वेगळं वागायचं आणि लिहून ठेवायचं.

भाची : हो.

मामा : त्या पानावर नेस्टेडबद्दल काय लिहिलंय?

भाचीने उत्तर दिलं नाही. मी नंतर ते पान उघडून पाहिलं. तेव्हा तिथे नेस्टेडचं शीर्षक होतं आणि त्याखाली ‘पुढे ठरवू’ एवढ्याच अर्थाची नोंद. याबद्दल माझं मत कडक आहे. टीआरचा रकाना २०१९ पर्यंत न पाहणं मी समजू शकतो, माणसं थोडी आणि कामं फार असतात. पण जे रकाने अजून पाहिले जात नाहीत त्यांची यादी करायला नव्या प्रोसेसरची गरज नाही. मामांच्या विद्यार्थ्याला तेवढी यादी पुरली असती.

मामा : तुझ्या कंपनीचं काय? तुम्ही गिऱ्हाइकाला नेस्टेड विकता. तुमच्याकडे काय काय खऱ्यासारखं वागत नाही, याचा कागद आहे?

भाची : आतल्या विकीवर आहे थोडं. बाहेर नाही. विक्रीवाले म्हणतात, उणिवांचं पान वेबसाइटवर बरं दिसत नाही.

मामा : मग माझ्या पोरांनी कुठे बघायचं?

भाची : कोडमध्ये.

मामा : तुमचा कोड तर बंद आहे.

भाची : केव्हीएमचा उघडा आहे. आम्ही वर जे बदल केलेत, ते...

मामींनी आतून हाक मारली, भात वाढलाय म्हणून. मामा उठता उठता म्हणाले, ‘सोमवारी सर्व्हरचं कर्नल बदलतो. केव्हीएम युनिट-टेस्ट्समधल्या, इंटेलच्या व्हर्च्युअलायझेशनसाठीच्या, व्हीएमएक्सच्या चाचण्या मुलांच्या मशीनच्या आत चालवून बघतो. जी नापास होईल ती लॅबच्या दारावर लावतो. तू तुझ्याकडच्या क्लाउडवर त्याच चालवून मला निकाल पाठव.’

‘ऑफिसचा निकाल बाहेर कसा पाठवू, मामा?’

‘ऑफिसचा नको. गिऱ्हाईक म्हणून एक मशीन भाड्याने घे. पैसे मी देतो.’